गोजरबाईची वाटी

सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचे कारखाने काही कमी नाहीत. त्यातल्या प्रत्येकात एक माणूस असं असतं की, त्याच्यावाचून काही अडत नाही असं सगळ्यांना वाटतं आणि ते जागचं हललं की सगळंच अडतं. बसलिंगप्पा अण्णांच्या कारखान्यात ते माणूस म्हणजे गोजरबाई. अठ्ठावन्न वर्षांची, माढ्याकडची, अंगानं काटकुळी. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढं एकच शब्द होता, 'सफाई'. नव्या माणसाला वाटायचं, झाडू मारत असेल. सुबोधलाही तसंच वाटलं होतं, आणि त्या वाटण्याची किंमत पुढं त्यालाच मोजावी लागली.

सुबोध हा कारखान्याचा नवा इंजिनिअर. बाप शाळेत मास्तर, आई नगरपालिकेत कारकून, घर सोलापुरातच. पुण्यात शिकून आला आणि जूनमध्ये इथं लागला. पोरगं हुशार होतं, कष्टाळू होतं, फक्त आपल्याला सगळं कळतं हे त्याला जरा लवकर कळलं होतं. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं गोजरबाईला काम करताना पाहिलं आणि तो चक्क हसला.

आता हे काम काय, ते सांगायला हवं. रंगवून धुतलेले टॉवेल ओलेच एका लांबलचक लोखंडी पेटीतून जातात आणि पलीकडून सुकून बाहेर पडतात. पेटीत गरम वारा घालायला मागं ब्लोअर असतो. पत्र्याच्या गोल ढोलात छातीएवढं चाक, चाकाला बारा लोखंडी पाती. टॉवेलची लव उडते, ती या पात्यांवर बसते. टॉवेल मऊ व्हावा म्हणून लावलेलं मेण वाफेबरोबर येतं, तेही बसतं. बेअरिंगचं ग्रीस त्यात मिसळतं. आठ दिवसांत पात्यांवर असा काळा, चिकट थर चढतो की बोट लावलं तर बोट सुटत नाही. मग ब्लोअरला दम लागतो, टॉवेल दमट निघतात, आणि फारच दुर्लक्ष केलं तर एखाद्या ठिणगीनं सगळं पेटतं. म्हणून दर आठवड्याला सुट्टीच्या सकाळी गोजरबाई त्या ढोलात कमरेपर्यंत शिरायची.

तिची रीत ठरलेली होती. आधी बोर्डातले तिन्ही फ्यूज स्वतःच्या हातानं काढायचे आणि लुगड्याच्या कनवटीला खोचायचे. "माजा जीव माज्या कमरंला," म्हणायची. मग चाकात लाकडाची पाचर मारायची. खरवडायला बांबूची पट्टी, कारण लोखंडानं ओरखडे पडतात आणि ओरखड्यात घाण दबा धरून बसते. धुवायला सोड्याचं कोमट पाणी. आणि एक नियम असा की, एक पातं पुसलं की शेजारचं पुसायचं नाही, थेट समोरचं पुसायचं. "एकाला न्हाऊ घातलं की म्होरच्याला घालायचं. न्हाय तर चाक रुसतंय," हे तिचं शास्त्र.

सगळं झालं की ती पाचर काढून फ्यूज बसवायची आणि ढोलाच्या माथ्यावर स्टीलची एक वाटी ठेवायची, काठोकाठ पाण्यानं भरलेली. ब्लोअर सुरू करायची आणि पाण्याकडं बघत उभी राहायची. पाणी थरथरलं तर परत आत शिरायची. पाणी नुसतं बसून राहिलं, वरच्या ट्यूबलाइटची रेघ त्यात सरळ दिसली, की वाटी उचलायची, ते पाणी पिऊन टाकायची आणि घरी जायची. मशीन आल्यापासून या क्रमात फरक पडला नव्हता.

सुबोध हसला तो या वाटीला. थरथर मोजायचं यंत्र त्याच्या कपाटात होतं, आकडा दाखवणारं. वर त्याचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. साठीला आलेल्या बाईनं चाकात डोकं घालायचं, हे कुठल्या नियमात बसतं? श्रावणात त्यानं एका एजन्सीची माणसं बोलावली. गरम पाण्याचा जोरदार फवारा मारायचं यंत्र घेऊन ती आली आणि दोन तासांत चाक असं लखलखीत केलं की त्यात तोंड दिसावं. सुबोधनं आधीचे आणि नंतरचे फोटो काढले. गोजरबाईला घडी विभागात पाठवलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "धुवा की. पर समोरासमोर धुवा, साहेब." तो हो म्हणाला आणि विसरला.

दुसऱ्या दिवशी ब्लोअर सुरू केला, तर शेडचे पत्रे वाजायला लागले. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. धडधड इतकी की ऑपरेटरनं हात जोडून बटण बंद केलं. एजन्सीवाले म्हणाले, आम्ही फक्त धुतलं. सुबोधनं पायाचे नटबोल्ट आवळले, बेअरिंग बदललं, पट्टे बदलले. त्याच्या यंत्रानं भला मोठा आकडा दाखवला, पण आकडा का मोठा आहे ते काही यंत्र सांगेना. तीन दिवस मशीन बंद. ओल्या टॉवेलचे ढीग साठले आणि त्यांना कुबट वास सुटला.

वासाच्या मागोमाग बोलणं सुटलं. पहिल्यांदा कुणी म्हटलं कोण जाणे, पण तिसऱ्या दिवशी सगळ्या कारखान्यात एकच बोलणं होतं. गोजराक्काचा तळतळाट लागला. त्याहून शहाणे होते ते म्हणाले, तळतळाट कसला, हात लागला. वॉचमन उदयसिंहनं तर डोळ्यांनी पाहिलं होतं. धुलाई झाली त्या दिवशी संध्याकाळी ती ब्लोअरच्या मागून पदराखाली काहीतरी झाकून बाहेर पडली होती. हे अण्णांच्या कानावर गेलं.

अण्णा माणूस वाईट नव्हे. पण तीन दिवस मशीन बंद असलेल्या मालकाचा चांगुलपणा जरा पातळ होतोच. त्यांनी सुबोधला बोलावलं.

"काय झालं, कशानं झालं, शनवारी संध्याकाळपर्यंत कागदावर लिहून द्या," ते म्हणाले. "बाईचा हात असंल तर सोमवारपासनं तिला गेट बंद. दसऱ्याला ती रिटायर होणार, सत्कार करायचा ठरला होता. तुमच्या सहीवर तिला घालवणार हाय मी. बघून लिवा."

सुबोध आपल्या टेबलाशी येऊन बसला. कागद समोर होता. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात एक हलकट विचार येऊन गेला. 'अज्ञात व्यक्तीकडून छेडछाड झाल्याची शक्यता नाकारता येत नाही', एवढं एक वाक्य लिहिलं की तो सुटत होता. धुलाईचा निर्णय त्याचा होता हे मग कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. नाव लिहायचीसुद्धा गरज नव्हती, नाव सगळ्यांना ठाऊकच होतं. ते वाक्य त्यानं लिहिलंही. मग शनिवारी दुपारपर्यंत तो त्या वाक्याकडं बघत बसला आणि जेवणाची सुट्टी संपल्यावर उठून घडी विभागात गेला.

गोजरबाई टॉवेलच्या घड्या घालत होती. तिच्या बाजूच्या दोन बायका तिच्यापासून जरा लांबच बसल्या होत्या.

"गोजरबाई, त्या दिवशी तुम्ही ब्लोअरच्या मागं कशाला गेला होतात?" त्यानं विचारलं.

तिनं घडी पुरी केली, ढिगावर ठेवली. मग पिशवीतून ती स्टीलची वाटी काढून त्याच्यापुढं धरली. "ही आणाया गेल्ते. मागच्या कट्ट्यावर ऱ्हायली हुती. माजी हाय, कारखान्याची न्हाय."

सुबोधला कुठं बघावं कळेना. तीन दिवस ज्या गोष्टीवरून एका बाईवर आळ घेतला होता, ती गोष्ट ही एवढीशी वाटी होती.

"चाक बघाल का?" तो म्हणाला.

"बोलावलं तर बघीन की. न बोलावता कशाला जाऊ?"

"बोलावतो आहे."

ती उठली. जाताना तिनं कुणाकडं पाहिलं नाही, पण घडी विभाग सगळा तिच्याकडं बघत होता.

ढोलाशी आल्यावर तिनं आधी फ्यूज काढले, कनवटीला खोचले. पाचर मारली. मग दार उघडून उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला आणि डोळे मिटले. सुबोधनं विजेरी पुढं केली, तर मान हलवून नको म्हणाली. तिची बोटं एका पात्यावरून दुसऱ्या पात्यावर जात होती आणि ओठ हलत होते. एकेका पात्याशी ती थोडी थांबायची, चांभार पायाचं माप घेतो तशी. हे कुठं वाकलंय, हे कुठं झिजलंय, हे कधी बदललंय, पुटपुटत होती. सुबोधनं त्या चाकाचे चाळीस फोटो काढले होते. त्याला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. एका पात्याशी तिचा हात थांबला, मागं आला, परत तिथंच गेला. मग तिनं डोळे उघडले.

"हितलं कुंकू कुणी काढलं?"

"कसलं कुंकू?"

"देवाचं. खंडेनवमीचं."

खंडेनवमीला सोलापुरात कुठलं यंत्र पूजेवाचून राहत नाही. माग, मोटार, वजनकाटा, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. हे मशीन आलं त्या वर्षी अण्णांच्या आईनं, ज्यांना ते आव्वा म्हणत त्या गिरिजाबाईंनी, ब्लोअरचं दार उघडून दारासमोर आलेल्या पात्याला तेलात कालवलेलं हळदकुंकू लावलं होतं. पुढं दर वर्षी त्याच पात्याला, जुन्या कुंकवावर नवं कुंकू. गिरिजाबाई गेल्यावर सुनेनं ती रीत चालवली. तेल आणि कुंकू गरम वाऱ्यात भाजून दगडासारखं व्हायचं, त्यावर लव बसायची, त्यावर पुढच्या वर्षीचं कुंकू. गोजरबाई सगळं चाक घासायची, पण तेवढा तळहाताएवढा थर सोडून. देवाचं कुंकू खरवडायचं कुणी? तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं की कुणी ते फवाऱ्यानं उडवेल.

सुबोधच्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं. "म्हणजे इतकी वर्षं एकाच पात्यावर ते वजन होतं? मग तर चाक तेव्हा थरथरायला हवं होतं. आता नव्हे."

"थरथरायचं की," ती म्हणाली. "पयल्या खंडेनवमीनंतर वाटीतलं पानी हाललं. लई न्हाय, उगं जरासं. मी आपल्या हितल्या येल्डिंगवाल्या ज्ञानबा मिस्त्रीला सांगिटलं. तो म्हनला, देवाचं वझं एकीकडं आलं की दुसरीकडं मानसानं धरावं लागतं. आन् त्यानं समोरच्या पात्याला येल्डिंगचा एक टाका मारला. पानी बसलं. मग दर वर्साला तसंच. दसऱ्याला कारखाना बंद असायचा, सगळी लव झाडून, पानी मारून घ्यायचो, मगच टाका. हात आना हिकडं."

तिनं सुबोधचं मनगट धरलं आणि त्याचा हात आत ओढून समोरच्या पात्याच्या पाठीवर टेकवला. बोटांखाली बारीक बारीक गाठी लागल्या, ओळीनं. त्याला त्या ठाऊक होत्या. त्यांचा फोटो त्याच्याकडं होता आणि फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, 'निकृष्ट वेल्डिंग'.

"मोजा," ती म्हणाली.

त्यानं मोजल्या. सव्वीस.

"मशीन येऊन सव्वीस खंडेनवम्या झाल्या. दोन वर्साखालचा टाका ज्ञानबाच मारनार हुता, पर आजारी हुता. खुर्चीवर बसून पोराकडनं मारून घेतला. गेल्या साली पोरानंच मारला. ज्ञानबा तवा ऱ्हायला नव्हता."

पुण्याच्या कॉलेजात चाकाचा तोल साधायचा एक अख्खा धडा सुबोधला होता आणि त्यात त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. इथं एका चौथी शिकलेल्या मिस्त्रीनं आणि अक्षरओळख नसलेल्या बाईनं सव्वीस वर्षं, दर वर्षी, एका चिमूटभर कुंकवाला एक टाका असा हिशेब जमवला होता. मिनिटाला हजार वेळा फिरणाऱ्या चाकावर त्यांनी देव आणि लोखंड समोरासमोर बसवले होते आणि वाटीतलं पाणी हलू दिलं नव्हतं. याची कुठं नोंद नव्हती, कुणाला पत्ता नव्हता. ढोलात हात घातलेला तो तसाच उभा राहिला. हात बाहेर काढायचं त्याला भान राहिलं नाही.

"मला आधी का नाही सांगितलंत?" तो शेवटी म्हणाला.

"इचारलं कुणी? तुमी फोटू काडले."

सुबोधनं मनात आला तो उपाय सुचवला. ग्राइंडर आणू आणि ते सव्वीस टाके घासून टाकू, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. गोजरबाईनं आढ्याकडं बोट दाखवलं. तुळयांवर, तारांवर, सगळीकडं लव लोंबत होती. "हितं आज ठिनगी पाडशीला?" एवढंच म्हणाली. आणि मग जरा थांबून, "आन् ज्ञानबानं काय पाप केलंय?"

तेव्हा टाके राहिले. कुंकवाच्या पात्याच्या कडेला एक जुनं भोक होतं. त्यात सुबोधनं बोल्ट घातला आणि गोजरबाई सांगेल तसे वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, लावत गेला. तिनं पाचर काढली, दार लावलं, वाटी भरून माथ्यावर ठेवली, फ्यूज बसवले. पहिल्या खेपेला वाटी उडून खालीच आली. बंद, फ्यूज कनवटीला, आणखी दोन वायसर. दुसऱ्या खेपेला वाटी टिकली, पाणी निम्मं सांडलं. परत बंद. परत फ्यूज कनवटीला. सुबोध म्हणाला, लगेच तर चालू करायचंय, राहू दे की बोर्डातच. ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली आणि तोच ओशाळला. आवाज कमी कमी होत गेला तसे लोक कामं टाकून गोळा झाले. उदयसिंह वॉचमनही आला आणि मागच्या मागं उभा राहिला.

सातव्या खेपेला पाण्यावर बारीक सुरकुती उरली होती. सुबोधनं आपलं यंत्र लावलं. आकडा नियमात बसत होता. "झालं," तो म्हणाला, "एवढं चालतं."

"तुमच्या यंत्राला चालत आसंल," गोजरबाई म्हणाली. "अजून एक घाला, बारकं."

त्यानं एक बारका वायसर घातला. ब्लोअर सुरू झाला. घरघर चढली, वाढली आणि मग एका सुरात स्थिर झाली. वाटीतल्या पाण्यात ट्यूबलाइटची रेघ उमटली, आधी वाकडी, मग सरळ. एवढं थोरलं चाक आत भणाणत होतं आणि त्याच्या डोक्यावर पाणी असं निवांत बसलं होतं, देवघरातल्या पंचपात्रीत बसतं तसं. इतकं सुंदर काही आपण या कारखान्यात पाहिलं नाही, असं त्याला वाटलं. यंत्राकडं बघायचं तो विसरूनच गेला.

चाकाला लावले तेवढेच दुसरे बोल्ट-वायसर घेऊन सुबोधनं कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर तोलून आणले. दोनशे बारा ग्रॅम. त्यानं ते वायसर गोजरबाईच्या तळहातावर ठेवले. तिनं हात खालीवर करून पाहिला.

"सव्वीस वर्सांची पूजा," ती म्हणाली. "एवढीच भरली व्हय? मला वाटायचं, लई आसंल." मग तिनं डोळ्याला पदर लावला आणि कुणी बघायच्या आत काढला.

तेवढ्यात अण्णा आले. आवाज बदललेला त्यांना ऑफिसात कळला होता. त्यांनी कागद मागितला. सुबोधनं खिशातला कागद काढला, त्यावरचं ते एक वाक्य वाचलं आणि कागदाचे चार तुकडे केले. तिथंच उभ्या उभ्या दुसऱ्या कागदावर लिहिलं. लिहिता लिहिता थांबून त्यानं गोजरबाईला पूर्ण नाव विचारलं. तिच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ते कारखान्यात कुणी विचारलं नव्हतं.

अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला. कारण: पात्यावरचा पूजेचा थर मी धुऊन काढायला लावला. जाणत्या माणसाला विचारलं नाही. चूक माझी. दुरुस्ती: गोजरबाई सिदराम भांगे. खाली सुबोधची सही.

"पूजेचा थर म्हंजे," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज बारीक झाला, "आव्वाचं कुंकू?"

"हो," सुबोध म्हणाला. आता काय ते होऊ दे, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

अण्णा पुढं झाले, ढोलावर पालथा हात ठेवला. हाताला काही जाणवेना. वाटीत पाहिलं. "आन् आता खंडेनवमीला कुंकू कुठं लावायचं, गोजराक्का?" त्यांनी विचारलं. गेट बंद करायला निघालेला मालक तिला विचारत होता, हे सगळ्यांनी ऐकलं.

"मधी लावू," ती म्हणाली. "चाकाच्या मधोमध, आसाच्या तोंडाला. मधी लावलेलं चाकाला जड हुत न्हाय."

सुबोधनं हे ऐकलं आणि मान खाली घातली. धड्यात हेही होतं.

अण्णांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "दसऱ्यानंतरबी येत जावा, आठवड्यातनं एकदा," ते म्हणाले. "ह्यांना शिकवायला." आणि गेले. लोकही पांगले. उदयसिंह जाता जाता तिच्यासमोर घुटमळला, पण माफी मागायला तिनं काही त्याला मदत केली नाही.

आता ढोलाशी दोघंच उरले. ब्लोअर चालूच होता आणि वाटी माथ्यावर होती. गोजरबाईनं ती उचलली, रीतीप्रमाणं तोंडाला लावली, दोन घोट घेतले आणि थांबली. मग उरलेली वाटी सुबोधपुढं धरली. जूनपासून ती त्याला साहेब आणि तुमी म्हणत आली होती.

"पी," ती म्हणाली. "कोमट हाय, पर पी."

त्यानं दोन्ही हातांनी वाटी घेतली आणि तोंडाला लावली. पाणी हललं ते तेवढ्यापुरतं.